मामाच्या पायाला हात न लावता

लोकांचं नाव होतं ते कुठंतरी पोचल्यामुळं. माझं नाव झालं ते दुसऱ्याला पोचू न दिल्यामुळं. हुतूतूत मी पकड करायचो. समोरचा चढाईवाला दम घेऊन आमच्या अंगणात यायचा, एखाद्याला शिवायचा आणि मधल्या रेषेकडं परत पळायचा. त्याला परत जाऊ द्यायचं नाही, दम तुटेपर्यंत दाबून धरायचं, एवढंच माझं काम. सेलूपासून जालन्यापर्यंत आणि इकडं पार नांदेडपर्यंत मी हेच केलं, त्याचा पगार घेतला, दोन बोटं कायमची वाकडी करून घेतली. आजही कुणी म्हणालं की धरणाऱ्यात कसली आलीय कला, तर माझं डोकं फिरतं. या म्हणावं एकदा अंगणात, मग सांगतो.

पण तेव्हा सगळे असंच म्हणायचे. आमच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, यात्रा म्हटली की कुस्ती आणि हुतूतू. कुस्तीला तालीम लागते, खुराक लागतो. हुतूतूला लंगोट आणि छाती असली की झालं, म्हणून गावोगावी पोरं खेळायची. आणि सगळा मान चढाईवाल्याला. आरोळ्या त्याच्या नावानं, फेटा त्याच्या डोक्याला, यात्रेचं चांदीचं कडं त्याच्या हातात. पाच जणांनी त्याला धरला तरी लोक म्हणणार, "काय लढला गडी!" अरे, लढला तो, मग धरला कुणी? तुझ्या आज्यानं?

मी पकडीला गेलो तो काही हौसेनं नाही. अंगानं किरकोळ, उंचीनं कमी, दमही बेताचा. गावच्या पोरांनी मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं, कारण तिथं उभं राहायला कुणी तयार नव्हतं. चढाईवाल्यांच्या लाथा तिथंच जास्त बसतात. पण घरी गुरं होती. वासराला औषध पाजायचं असलं की पाय धरायला मी, बैलाला पत्र्या ठोकायच्या असल्या की पाय धरायला मी. त्यामुळं मला पायाचं कळायचं. माणसाचे डोळे फसवतात, हात फसवतात, पाय फसवत नाहीत. ज्या बाजूला पळायचं त्या बाजूचा अंगठा आधी मातीत रुततो. तो रुतला की मी खाली वाकून घोटा धरायचो, आणि एकदा धरला की वर आभाळ कोसळलं तरी सोडायचो नाही. वर्षभरात आसपासच्या गावांत बोलबाला झाला, की त्या गावच्या डाव्या कोपऱ्यात एक गोचीड बसलेलं असतं. मला त्या नावाचा राग नव्हता, उलट आवडायचं.

आमच्या मुलखातला सगळ्यात मोठा चढाईवाला म्हणजे माझा सख्खा मामा. गंगेच्या पलीकडचा. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. उंच, सडपातळ, कानावर आलेले केस, आणि दम असा की ऐकत राहावं. बाकीचे चढाईवाले रेषा ओलांडली की उड्या मारतात, ओरडतात. मामा आपला पीक बघायला निघाल्यासारखा सावकाश यायचा. हुतूतू, हुतूतू, एका सुरात, ना घाई ना गडबड. मग कधी हात लांब झाला आणि कोण मेलं, ते मेलेल्यालाही कळायचं नाही. माझी माय त्याची थोरली बहीण. आजी लवकर गेली, म्हणून मायनंच त्याला कडेवर खेळवलेला. तो जिंकला की माय चार घरी गूळ वाटायची, आणि मी एखाद्याला धरला की माझ्या गुडघ्याला हळद लावता लावता म्हणायची, "मामावर गेलायस." कुठं मामा, कुठं मी. पण मायला कोण सांगणार?

आता एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं भाच्याचा मान मोठा. एक भाचा जेवू घातला की शंभर बामण जेवल्याचं पुण्य, असं म्हणतात. मामा कितीही मोठा असो, भाचा दारात आला की मामा वाकून त्याच्या पाया पडतो. मी रांगत होतो तेव्हापासून हा उंचापुरा मामा माझ्या पाया पडत आलेला. पण भाच्याचा हात मामाच्या पायाला लागला तर ते मामाला पाप. लहानपणी चुकून कधी लागला तर मामा चटका बसल्यागत पाय मागं घ्यायचा. आणि माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या पायाला हात घालण्यात चाललेलं! हे कधीतरी समोरासमोर येणार, हे गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

आलं ते चैतातल्या यात्रेत. गंगेच्या वाळवंटात यात्रा भरायची, आणि त्या वर्षी आमचं गाव आणि मामाचं गाव शेवटच्या डावाला समोरासमोर आले. पंच म्हणून तहसिलीतले पेशकार साहेब, शेरवानी घालून, डोक्यावर छत्री धरून उभे. मामा चढाईला आला. बाकीच्यांकडं बघत बघत तो माझ्या कोपऱ्याला पाठ देऊन उभा राहिला. माझ्याकडून त्याला भीतीच नव्हती. भाचा कशाला पाय धरतोय? आणि त्याचा डावा अंगठा वाळूत रुतला.

मला दुसरं काही दिसलंच नाही. खाली वाकलो आणि घोटा धरला. मामा आडवा झाला, त्याच्यावर आमचे दोघं पडले, दम तुटला, पेशकार साहेब ओरडले, "गया! आदमी गया!" आमचं गाव जिंकलं. मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगतो, माझं काही चुकलं नाही. अंगणात मामा नसतो, चढाईवाला असतो.

पण त्या गर्दीत एक वाह्यात माणूस होता. असतोच. तो ओरडला, "अरे मामा, भाचा पाया पडायलाय, आशीर्वाद तरी दे की!" झालं! सगळं वाळवंट हसलं. लहान पोरं हसली, फुटाणेवाला हसला, छत्रीखाली पेशकार साहेबही हसले. मामा उठला. माझ्याकडं बघितलं नाही, कुणाकडंच बघितलं नाही. तसाच गंगेत गेला, लंगोटावरच बुडी मारली, आणि पलीकडं निघून गेला. मायनं त्याच्यासाठी पुरणाच्या पोळ्या आणल्या होत्या. त्या कुत्र्यानं खाल्ल्या.

मला वाटलं, चार दिवसांचा रुसवा असेल. पंचमी आली. दरवर्षी पंचमीला मामा मायला न्यायला यायचा, आमच्याकडं त्याला मुराळी म्हणतात. झोके बांधले गेले, गल्लीतल्या बाया एकेक करून माहेरी गेल्या, आमच्या दारात मुराळी आला नाही. माय म्हणाली, "नदीला पूर असंल." नदीला पूर नव्हता. मग दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी मायनं सकाळपासून उटणं वाटून ठेवलं, पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. दिवसभर कुणी चालत आलं की पदर सावरून दाराशी जायची. सांजेला चंद्राची कोर निघाली. माय निरांजन घेऊन अंगणात गेली आणि तिनं चंद्राला ओवाळलं.

ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. माझ्या मायचा भाऊ नदीच्या पलीकडं धडधाकट जिवंत होता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणालो, "काय मिजास म्हणायची ही! खेळात हरला म्हणून बहीण सोडतो? मी जातो आन् त्याला चार शब्द सुनावून येतो."

"जा," माय म्हणाली. "आन् माझं राह्यलेलं माहेर बी बुडवून ये."

"मग काय करू? पाय धरू त्याचे?"

हे बोललो आणि जीभ चावली. वडील ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ते आयुष्यात फार बोलले नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "पुढल्या यात्रेला खेळू नको. मिटंल आपोआप."

"न्हाई मिटायचं," माय म्हणाली. भाऊ कसा आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं. "हा न्हाई खेळला तर तो म्हणंल, पोराला दया आली. मुद्दाम सोडला तर म्हणंल, भीक घातली. मंग तर माझं तोंड बी बघायचा न्हाई तो." ती माझ्याकडं वळली. "तू खेळ. त्याला धर बी. पर त्याच्या पायाला हात लावू नको."

"माय, मला पायाशिवाय दुसरं काय येतंय?"

"मंग शिक."

एवढं बोलून ती आत गेली. आपलेच दात आपलेच ओठ, दोष द्यायचा कुणाला? मी रात्रीचं जेवलो नाही. माझ्या न जेवण्याकडं कुणी लक्षही दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात सेलूहून बोलावणं आलं. तिथल्या एका जिनिंगच्या शेठला हुतूतूचा भारी नाद. कापसाचा हंगाम जोरात, आगगाडीनं गाठी जायच्या, आणि शेठची हौस अशी की त्याच्या जिनिंगचा संघ सगळ्या मराठवाड्यात पहिला पाहिजे. यात्रेतली माझी पकड त्यानं बघितली होती. म्हणाला, "सकाळी जिनात काम कर, चार वाजल्यापासून खेळ. पगार दोन्हीचा एकच, पण कामाला आला नाहीस तर चालेल, खेळाला यायलाच पाहिजे." खेळायचा पगार! गावात सांगितलं तर लोकांना पटेना. एक म्हातारा म्हणाला, "दुसऱ्याच्या तंगड्या वढायचे पैसे देतेत व्हय? मंग आमच्या भावकीला बी घेऊन जा." मी मात्र ताठ मानेनं सेलूला गेलो.

शेठनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "चैतात यात्रेला जायचं. तिथं तुझ्या मामाचा संघ येणार. त्याला धरायचा. बाकी मला काही माहीत नाही."

म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. शेठला मामा धरलेला पाहिजे, मायला पाय न धरलेला पाहिजे, आणि मधे मी, ज्याला पायाखेरीज काही येत नाही.

उपाय मला सुचला तो सरकीच्या पोत्यांवर. जिनात कापसातून वेगळ्या काढलेल्या सरकीची पोती एकावर एक रचावी लागायची. पोतं डोक्यावर घेणारे घेत, मी बुटका, मला ते पोटाशी कवटाळून उचलावं लागायचं. गुडघे वाकवायचे, पोत्याच्या मधोमध मिठी मारायची, छातीला घट्ट लावायचं आणि मांड्यांच्या जोरावर वर. एक दिवस असंच पोतं उचललं आणि डोक्यात लख्ख झालं. पोत्याला पाय नसतात, तरी ते जाग्यावरून हलतं. माणूसही असाच कमरेत उचलला तर त्याचे पाय जमिनीवर राहतीलच कुठं? तो दम घालो नाहीतर गजल म्हणो, मधल्या रेषेला पोचणार कसा?

सुचणं सोपं असतं हो. घोटा धरणारा खाली असतो, त्याला लाथा बसतात. कंबर धरणारा कोपराच्या टप्प्यात असतो, त्याला सगळंच बसतं. पहिल्या महिन्यात माझा पुढचा दात गेला. ओठ फाटला. परभणीच्या सामन्यात मी एकाच्या कमरेला मिठी मारली, तो मला घेऊन तसाच पळाला, आणि रेषेपलीकडं जाऊन मला खाली आपटला. त्या एका चढाईत आमचे तीन गडी गेले. शेठ मैदानात धावत आला. "अरे येड्या, पाय होता ना समोर! पाय सोडून पोटाला का धरतोस? लहान लेकरू आहेस का तू?" संघातली पोरं मला सरकी म्हणायला लागली. माझा घोटा सगळ्या मुलखात गाजलेला, आणि मी तो सोडून लोकांच्या पोटांना लटकत होतो.

एखादा म्हणाला असता, जाऊ दे. मला मात्र जाऊ दे म्हणताच येत नाही, हा माझा स्वभाव. रोज पोती संपली की मी आमच्यातल्या सगळ्यात जड गड्याला म्हणायचो, "ये, पळून दाखव." तो पळायचा, मी पडायचो. पडता पडता कळायला लागलं. समोरून गेलं की कोपर बसतं, बगलेखालून गेलं की बसत नाही. पोटाला धरलं तर तो वाकून निसटतो, कमरेच्या हाडावर धरलं तर निसटत नाही. आणि मुख्य म्हणजे डोकं त्याच्या पाठीला चिकटवून ठेवायचं, मग त्याचा हात तिथं पोचत नाही. होळीच्या सुमारास तो जड गडी माझ्या मिठीत पहिल्यांदा हवेत लटकला, आणि वरून शिव्या देत म्हणाला, "सोड आता, सरकी, सोड रे बाबा!" मी सोडला नाही. त्याला तसाच उचलून विहिरीपर्यंत नेला. त्या दिवशी मी इतका हसलो की फाटका ओठ पुन्हा फाटला.

मग जालन्याला गेलो आणि तिथल्या नावाजलेल्या चढाईवाल्याला दोनदा उचलला. लोकांनी आधी मला शिव्या घातल्या, मग टाळ्या वाजवल्या. एका धरणाऱ्याला टाळ्या! शेठ खिशातून रुमाल काढून हवेत फिरवत होता.

चैत आला. यात्रा आली. वाळवंट माणसांनी फुललेलं. माझी माय बायांच्या घोळक्यात एका उंचवट्यावर उभी होती, डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले. देवाला ती काय मागत होती कोण जाणे. भाऊ हरावा असं तिच्या तोंडून निघणार नाही, मुलगा हरावा असंही नाही. देवाचीही पंचाईतच झाली असणार. वडील तिच्यापासून लांब, पुरुषांत.

शेवटचा डाव सुरू झाला तो आमचा सेलूचा संघ आणि मामाचं गाव यांच्यात. पंच तेच पेशकार साहेब. मेलेला गडी परत उठणार नाही, ज्यांचे सगळे आधी बाद ते हरले, असा नियम त्यांनी मोठ्यानं सांगितला. मामा माझ्याकडं न बघता मांडीवर थाप मारून पुढं आला.

आणि काय केलं असेल त्यानं? सरळ माझ्या कोपऱ्यात आला. माझ्यासमोर उभा राहिला, डावा पाय उचलला आणि माझ्या नाकापुढं ठेवला. हुतूतू, हुतूतू, चालूच. जसं काही म्हणत होता, धर की, लेका, धर ना. सगळं वाळवंट ओरडायला लागलं. शेठ ओरडत होता, "पाय! अरे पाय!" इतका सुंदर घोटा आयुष्यात माझ्या पुढ्यात कुणी ठेवला नव्हता. माझे हात शिवशिवले. मी ते मांड्यांवर दाबून धरले. मामानं तेवढ्यात हात लांब करून माझ्या शेजारचा गडी मारला आणि फिरायला गेल्यासारखा परत गेला.

पुढच्या चढाईला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. माझा कोपरा म्हणजे त्याला हक्काची वाट झाली. मी दोनदा कमरेला गेलो आणि दोन्ही वेळा त्यानं नुसतं अंग वळवलं, माझ्या हातात हवा आली. लोक मला हसायला लागले. शेठनं डोक्याला हात लावला. पण आमचे चढाईवालेही काही कमी नव्हते, तिकडचे गडी एकेक करून बाद होत गेले. शेवटी मामा एकटा उरला, आणि आमच्याकडं मी आणि तो जड गडी, दोघंच. मामाची चढाई. त्यानं आम्हा दोघांना मारलं तर ते जिंकणार, आम्ही त्याला धरला तर आम्ही.

मामा आला. घाम निथळत होता, पण दमाचा सूर तोच, सावकाश. माझ्यासमोर आला, आणि पुन्हा पाय पुढं केला. त्याचं लक्ष माझ्यावर नव्हतं, पलीकडच्या जड गड्यावर होतं. आधी त्याला मारायचा, भाचा काय, कधीही मरेल. मी त्या पायाकडं बघितलं. आणि पहिल्यांदाच दुसऱ्या पायाकडं बघितलं. सगळं वजन त्या मागच्या पायावर होतं. एका पायावर उभा असलेला माणूस अंग वळवणार कसा? डावभर मला तो पाय दाखवून चिडवतोय असं वाटत होतं, आणि खरं म्हणजे तो पाय पुढं करून मामानंच स्वतःला अडकवून घेतलं होतं.

मी त्याच्या बगलेखालून आत शिरलो. कमरेच्या हाडावर दोन्ही हात घट्ट बांधले, डोकं पाठीला लावलं, मांड्या ताठ केल्या आणि मामाला उचलला.

बाप रे, काय आरोळी उठली! गंगेच्या दोन्ही काठांवरचे बगळे उडाले. मामाचे दोन्ही पाय हवेत. तो झाडत होता, वळत होता, कोपरं मागं फेकत होता, पण दम सोडत नव्हता. माझा कान त्याच्या पाठीवर होता. आतून तो हुतूतू मला असा ऐकू येत होता की वाटावं, माझ्याच छातीत चाललाय. जड गडी मदतीला धावला, मी ओरडलो, "लागू नको! माझा हाय!" माझ्या पाठीचा मणका न् मणका बोलत होता. डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. मी मामाला नाही म्हणालो, गंगेला नाही म्हणालो, मायला मनात म्हणालो, बघ, हात बघ माझे, कुठं हायत ते बघ.

हुतूतू बारीक झाला. हुतू झाला. आणि मग पाठीतून नुसताच एक लांब श्वास आला.

"गया!" पेशकार साहेबांनी छत्री फेकून दिली. "वाह रे पठ्ठे! उठा के मारा!"

मी मामाला खाली आपटला नाही. अलगद उभा केला. लोक अंगणात घुसले, शेठनं मला मिठी मारली, कुणी गुलाल टाकला. त्या गोंधळात मामा तसाच उभा होता, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. मग त्यानं हात वर केला आणि माणसं गप्प झाली. इतक्या वर्षांचा चढाईवाला, त्यानं हात केला की लोक ऐकायचेच.

"पाय समोर व्हता तुझ्या," तो म्हणाला. "धरला का न्हाईस?"

मला खूप काही बोलायचं होतं. हिवाळाभर मी पोत्यांशी त्याची भांडणं भांडलो होतो. पण तोंडातून निघालं एवढंच, "भाऊबीजेला माय चंद्राला ओवाळायली व्हती, मामा."

मामाचं तोंड उतरलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं नाही. तिथंच, त्या सगळ्या यात्रेसमोर, तो वाकला आणि माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. कुणीही हसलं नाही. तो मागच्या वर्षीचा वाह्यात माणूस कुठं होता कोण जाणे, त्याचाही आवाज आला नाही.

पेशकार साहेबांनी कडं आणलं. यात्रेचं चांदीचं कडं पहिल्यांदाच एका धरणाऱ्याच्या हातात पडलं. माझी छाती अशी फुगली की लंगोट सैल होतो की काय असं वाटलं. त्यानंतर मी पुष्कळ सामने जिंकलो. यात्रा बंद पडून सगळीकडं रझाकारांची धामधूम सुरू होईपर्यंत खेळतच होतो, आणि शेठच्या संघातल्या नव्या पोरांना कमरेची पकड मीच शिकवली. पण कडं हातात येत होतं तेव्हा माझं लक्ष कड्यावर नव्हतं. मामा गर्दीतून वाट काढत बायांच्या उंचवट्याकडं चालला होता. मी त्याच्या मागं गेलो.

माय जागची हलली नव्हती. मामा तिच्यापुढं उभा राहिला. एवढा मोठा बाप्या, पण शाळेतून मार खाऊन आल्यासारखा.

"आक्का, चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"घरी. गाडी जुपायला सांगतो."

"आत्ता? मी अंगावरच्या लुगड्यावर हाय. घरी सांजेचं करायचंय."

"लुगडं मी घेतो. तू चल."

माय वडिलांकडं बघेल असं मला वाटलं. माझ्याकडं तरी बघेल असं वाटलं. तिनं कुणाकडंच बघितलं नाही. तिनं फक्त हात पुढं केला आणि भावाच्या कमरेवर, मी जिथं धरलं होतं तिथं, चाचपून बघितलं. मामा कळवळला. तेव्हा ती माझ्यावर उसळली.

"मेल्या, बरगडी मोडली असती की ह्याची! येवढं आवळत असतेत व्हय?"

मग मामाच्या खांद्याला धरून ती उतारावरून खाली गेली, गाडीत बसली, आणि बैल चालायला लागले तसं तिचं बोलणं सुरू झालं. भावजय कशी आहे, गाय व्याली का, विहिरीला पाणी किती, वर्षभराचं सगळं एका दमात. गाडी पाण्यात उतरली, पलीकडच्या वाळूवर चढली, तरी तिचा आवाज येतच होता.

वडील माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"भाकरी येतेत का तुला करायला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मला बी न्हाई," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खो खो हसताना बघितलं.